पायांत बसणारा जोडा

मंडळी, आज आपण जोड्याविषयी वाचणार आहोत. हसू नका. बैल घ्यायचा झाला तर आपण चार बाजार हिंडतो. त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. त्याच्या पायाला पत्री मारून घेतो. पण स्वतःच्या पायांत घालायचा जोडा घ्यायला आपल्याला पाच मिनिटे पुरतात. "आठ नंबर द्या," म्हणतो, पैसे टाकतो आणि एस.टी. धरतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. माझे थोरले चुलतबंधू आहेत. त्यांना सारे गाव आबा म्हणते. २०१९ सालचा डिसेंबर महिना होता. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीच्या पंपाला रात्री बारा वाजता वीज यायची. गव्हाला पाणी द्यायचे होते. आबा दारे धरायला गेले. पायांत रबरी स्लीपर, हातांत खोरे. बॅटरी होती, पण ती मोटरीच्या पेटीवर ठेवलेली. एक वाफा भरला म्हणून दुसऱ्याचे दार फोडायला वळले, तो बांधाच्या कडेला पाय पडला घोणशीवर. घोट्याच्या खाली दंश झाला.

मुलाने शहाणपणा केला. दोरी आवळली नाही, ब्लेड मारले नाही, देवळात नेले नाही. पाय हलू न देता मोटारसायकलवर मध्ये बसवले, मागे एक माणूस धरायला घेतला आणि तासाभरात इस्पितळ गाठले. सर्पविषावरचे औषध मिळाले. आबा वाचले. पण दंशाच्या जागचे मांस सडले. ती जखम भरून यायला चार महिने लागले. गव्हाची कापणी झाली तेव्हा आबा ओट्यावर पाय लांब करून बसलेले होते.

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. दंश बहुधा पायालाच होतो, कारण साप जमिनीवर असतो आणि आपण त्याच्यावर पाय देतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, हे चार आपल्याकडचे मुख्य विषारी साप. त्यांतले फुरसे तर वीतभर-हातभर लांबीचे, मातीच्या रंगाचे. दिवसासुद्धा चटकन दिसत नाही.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. आबा बरे झाल्यावर मुलगा तालुक्याला गेला आणि गुडघ्याखालपर्यंत येणारे काळे गमबूट घेऊन आला. सगळ्यांना बरे वाटले. पुढच्या दिवाळीत मी त्यांच्या घरी गेलो, तर बूट मांडणीवर, धूळ खात. आबांच्या पायांत तीच स्लीपर.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, बूट मांडणीवर छान बसलेत. यांच्या पायांत कधी बसायचे ते विचारा."

आबा म्हणाले, "अरे मास्तर, चिखलात पाय उचलला की पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. दोनदा तोंडावर आपटलो."

मी बूट उलटा करून पाहिला. तळावर १० आकडा होता. आबांचा पाय आठ नंबरचा. दुकानदाराकडे आठ नव्हता. त्याने मुलाला सांगितले होते, "ढिला झाला तर दोन मोजे घाला." जोडा विकणाऱ्याला जोडा खपवायचा असतो. घालायचा असतो तो आपल्याला. पैसे गेले, आणि पाय होता तसाच उघडा राहिला.

तेव्हा बूट कसा बघायचा हे आधी नीट समजून घेऊ. तुम्हांला आता वाचता येते, लिहिता येते. त्याचा इथे चांगला उपयोग आहे.

संध्याकाळी, दिवसाचे काम उरकल्यावर, एक जुना कागद जमिनीवर ठेवा. संध्याकाळीच का? दिवसभर उभे राहून पाय थोडा सुजतो. सकाळी बसणारा बूट संध्याकाळी चावतो. कागदावर सरळ उभे राहा. बसून माप घेऊ नका. अंगावरचा भार पायावर आला की पाऊल लांबते आणि पसरते. दुसऱ्या माणसाने पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ ओढावी. मग टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत पट्टीने मोजा. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असे नाही. कित्येकांचे अंगठ्याशेजारचे बोट पुढे असते. दोन्ही पावले मोजा. आबांचे डावे पाऊल उजव्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब निघाले. सत्तर वर्षे ते पाय वापरले, पण हे त्यांना ठाऊक नव्हते! बूट घ्यायचा तो मोठ्या पावलाच्या मापाने.

कागद कापून घ्या आणि खिशात घालून दुकानात न्या. ज्याच्यासाठी बूट घ्यायचा तो माणूस स्वतः गेला तर उत्तमच. पण मुलगा जाणार असेल तर त्याच्याजवळ हा कागद असलाच पाहिजे. बुटातला सुकतळा, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढता येत असेल तर काढा आणि त्यावर कागद ठेवा. कागद कडेबाहेर येत असेल तर तो बूट ठेवून द्या.

नंबराचे थोडे सांगतो. आपल्याकडे ६, ७, ८, ९ असे जे नंबर चालतात, त्यांत एका नंबराला लांबी इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने वाढते. म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. आठ आणि दहा यांत सतरा मिलिमीटरांचा फरक झाला. करंगळीपेक्षा जाड! आबांचा बूट चिखलात का राहत होता, ते यावरून कळेल. काही बुटांवर ४०, ४१, ४२ असे मोठे आकडे असतात. ते युरोपातले माप. ते पाहून घाबरू नका, आणि आपला आकडा पाठ आहे म्हणून घालून बघायचा कंटाळाही करू नका. एका कारखान्याचा आठ दुसऱ्याच्या आठाशी जुळेलच असे नाही. शिवाय नंबर सांगतो तो लांबी. रुंदी सांगत नाही. आपण खेड्यातली माणसे लहानपणी अनवाणी वाढलो, आपला चवडा पसरट असतो. पुष्कळ बूट चवड्याला आवळतात. मग लोक लांबीने मोठा नंबर घेतात, आणि टाच मागे खुळखुळते. त्यापेक्षा पुढून रुंद आकाराचा दुसरा बूट मागावा.

दुकानात दोन्ही पायांत बूट घाला. मोजे घालून कामाला जाणार असाल तर मोजे घालूनच घाला. पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट आत जावे. बोटे आत हलवता यावीत. चालताना टाच बुटाबाहेर निघू नये. मग उकिडवे बसा. हो, दुकानातच बसा. लाजू नका. खुरपताना, भाजी तोडताना आपण तासन्‌तास उकिडवे बसतो. त्या वेळी बुटाची वरची कड पोटरीला रुतते की काय, हे उभ्याने कळत नाही. दुकानदार म्हणेल, "वापराल तसा ढिला होईल." कातड्याचा बूट रुंदीला थोडा सैलावतो, हे खरे. लांबीला वाढत नाही. आणि प्लास्टिकचा गमबूट तर कुठेच वाढत नाही.

मग बूट हातांत घेऊन वाकवा. आपले पाऊल बोटांच्या मुळाशी वाकते. बूटही तिथेच वाकला पाहिजे. मधोमध मोडला तर त्याने पाय दुखतील. टाचेमागचा भाग दाबून बघा. तो घट्ट असावा, पाय त्याच्या आधाराने उभा राहतो. तळाचा जोड नखाने तपासा. तळ शिवलेला असेल तर टाका दिसतो. पण खोटा टाकाही उमटवलेला असतो. खरा टाका बहुधा तळाच्या खालच्या बाजूलाही सापडतो. शिवलेला तळ झिजल्यावर बदलता येतो. नुसता चिकटवलेला तळ पावसाळ्यात उकलतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. गमबूट अखंड साच्यातून काढलेले असतात, त्यांना जोडाची भीती नाही. मात्र चीर पडली की ते गेले.

कातडे की रेक्झिन, हे कापलेल्या कडेवर कळते. कातड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात. रेक्झिनखाली कापडाची जाळी दिसते. कातडे वाकवले तर त्यावर बारीक सुरकुत्या येतात.

खोक्यावरचे वाचायला विसरू नका. इंग्रजी अक्षरे आली नाहीत तरी अंक दहाच आहेत. किंमत छापलेली असते. तिच्याहून जास्त घेता येत नाही. माल तयार झाल्याचा महिना आणि साल छापलेले असते. ते विशेष पाहा. हलके, मऊ, फेसासारख्या तळाचे बूट पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचे असतात. दुकानदार त्याला पी.यू. म्हणतो. पायाला तो फार सुखाचा. पण हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजत जातो, न वापरता नुसता पडून राहिला तरी. चार-पाच वर्षे खोक्यात राहिलेला नवा कोरा बूट एके दिवशी चालता चालता भाकरीसारखा तुटतो. माझा स्वतःचा असाच एक जोडा लग्नाच्या मांडवात तुटला. स्वस्तात मिळाला म्हणून मी घेतला होता! एवढा मास्तर, पण खोक्यावरचे साल वाचले नव्हते.

बांधकामावर, खाणीत किंवा साखर कारखान्यात काम करणाऱ्यांनी पुढे पोलादी टोपी असलेला बूट घ्यावा. त्यावर आय.एस.आय.चा शिक्का आणि आय.एस. १५२९८ हा आकडा शोधावा. या बुटाच्या टोकावर वीस किलोचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून पाडून परीक्षा घेतात. शेतीला एवढा जड बूट नको.

शेतीला एकच बूट सगळ्या कामांना चालत नाही, हेही लक्षात घ्या. कोरड्या रानात, बाजारहाटाला आपली कातडी वहाण झकास. कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. खिळा न मारता कातड्याच्याच वादीने ती शिवतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, यांना मिळून २०१९ साली या वहाणेचे भौगोलिक मानांकन मिळाले. उघडी असल्यामुळे पायाला घाम येत नाही, आणि चांगल्या कारागिराने पाय पाहून केली तर आयुष्यभर दुसरे काही घालावेसे वाटत नाही. पण पाण्यात ती भिजली की मऊ पडते, वाळली की लाकूड होते. टायरची चप्पल बाभळीच्या काट्याला दाद देत नाही. घरातली स्लीपर मात्र काट्याला लोण्यासारखी. ती न्हाणीघरापुरती ठेवावी.

रात्रीचे पाणी, गवत कापणे, उसातले काम आणि पावसाळा यांना गमबूट. साप चावलाच तर दात पायापर्यंत पोचण्याची शक्यता त्याने पुष्कळ कमी होते. पोचणारच नाहीत असे मी म्हणत नाही. बॅटरी हातांतच हवी. आणि पावसाळ्यात आणखी एक दुखणे असते, लेप्टो. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या चिरेवाटे आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. कोकणातल्या भातशेतीतही हे दुखणे आहे. भाताच्या लावणीत खोल चिखलात बूट घालून काम होत नाही, हे मलाही समजते. तिथे निदान पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, आणि बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवावेत. ताप आला तर डॉक्टरांना "चिखलात काम केले होते" हे आठवणीने सांगावे.

फवारणीलाही रबराचा किंवा प्लास्टिकचाच बूट. कातडे औषध पिते, आणि एकदा प्यालेले विष धुऊन निघत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. नुसत्या बुटाने ती वाचली असती असे नव्हे. तोंड, हात, डोळे सगळेच झाकावे लागते. पण पायाचा एक बारकावा सांगतो. विजार बुटाच्या आत खोचू नका, बाहेर सोडा. आत खोचली की मांडीवरून ओघळलेले औषध सरळ बुटात जमते आणि पाय दिवसभर त्यात भिजतो. हे बूट वेगळे ठेवा आणि गोठ्याबाहेर धुवा.

दिवसभर गमबूट घालून हिंडू नये. आत घाम साचतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सुती मोजे घालावेत, रोज धुवावेत. काम संपले की बूट काढून पाय पुसावेत. ओला कातडी बूट चुलीजवळ वाळवू नका. कातडे तडकते. आत रद्दीचा कागद कोंबून सावलीत ठेवा, कागद ओला झाला की बदला.

ज्यांना मधुमेह आहे किंवा कुष्ठरोगाने पायाची जाणीव गेली आहे, त्यांच्यासाठी जरा थांबून लिहितो. इतरांना बूट चावला तर कळते. यांना कळत नाही. खडा दिवसभर टोचत राहतो, फोड येतो, फुटतो, चिघळतो आणि पाय कापायची पाळी येते. अशांनी घरातही अनवाणी चालू नये. जोडा घालण्यापूर्वी आत हात घालून चाचपावे. रोज रात्री तळपाय पाहावा. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडाला पाहायला सांगावे. नवा जोडा पहिल्या दिवशी तासभरच घालावा आणि पाय तपासावा.

किमतीविषयी. समजा, एक जोडा ३०० रुपयांचा आणि तो पाच महिने टिकतो. दुसरा ९०० रुपयांचा आणि तो वीस महिने टिकतो. पहिला महिन्याला ६० रुपयांना पडला, दुसरा ४५ रुपयांना. पण दर वेळी महागच टिकाऊ असते असे नाही. नावाचेही पैसे असतात. म्हणून आधी वाकवा, दाबा, वाचा. पावती मागा आणि जपून ठेवा. तळ महिन्यात उकलला आणि दुकानदार दाद देईना, तर १९१५ या नंबरावर ग्राहकांची तक्रार घेतात.

आबांसाठी आम्ही दुसरे गमबूट आणले, कागद खिशात घेऊन. तीन दुकाने फिरलो. नऊ नंबरसुद्धा परत केला. शेवटी आठाचा मिळाला, चवड्याला रुंद. आबा दुकानात उकिडवे बसले तेव्हा दोन पोरी हसल्या. आबाही हसले.

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "यांचे झाले. खुरपायला, गवताला जाते ती मी. माझ्या पायाला साप ओळखतो होय?"

मला उत्तर सुचले नाही. पुढच्या बाजाराला त्यांच्या पावलाचा कागद नेला. दुकानांत मोठ्या माणसाचा सहा नंबर होता, त्याखाली काही नाही. बायकांसाठी म्हणून गमबूट कुणी ठेवतच नव्हते. एका दुकानदाराने सांगितल्यावरून पोरांचे बूट मागितले. त्यांत चार नंबर निघाला आणि वहिनींना नेमका बसला. तुमच्या घरातही असा प्रसंग आला तर पोरांच्या मालात बघा. लुगडे वर खोचून त्या आता गवताला जातात.

दोन्ही जोड आता सोप्यात खुंट्यांवर उलटे टांगलेले असतात, म्हणजे आत विंचू, पाल शिरत नाही. तरी घालण्यापूर्वी आबा प्रत्येक बूट दाराच्या उंबऱ्यावर दोनदा आपटतात. रात्री बारा वाजता तो आवाज झाला की आमच्या आळीला कळते, वीज आली.